चालण्याचा नित्यनेम



दर्शनाच्या व आरतीच्या वेळा, वार्षिक उत्सवांची सूची, महाप्रसादाची व्यवस्था आणि देणगीविषयक माहिती आपणांस या पुस्तिकेच्या अन्य पृष्ठांवर मिळेलच. प्रस्तुत लेखाचा विषय काहीसा निराळा आहे. ज्या पायांनी आपण देवदर्शनास येता, त्या पायांविषयी हा लेख आहे. ज्यांचे चालणे गेल्या काही वर्षांत घरापासून रिक्षापर्यंत आणि रिक्षापासून फलाटापर्यंत एवढेच उरले आहे, अशा चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या स्त्री-पुरुषांसाठी तो मुख्यतः लिहिला आहे. लेखक वैद्यकीय व्यवसायातील नाही, कला शाखेचा पदवीधर आहे. म्हणून शरीरशास्त्राविषयी जे प्रसिद्ध संशोधनातून पुढे आले आहे तेवढेच येथे घेतले आहे. उरलेले न्यासाच्या कार्यालयात बसून अनेक वर्षे माणसे पाहिल्यावर जे ध्यानात आले, ते आहे.

आमच्या कार्यालयात दूरध्वनीवर सर्वाधिक विचारला जाणारा प्रश्न दर्शनाच्या वेळेचा नसतो. "गाडी कुठपर्यंत येते?" हा तो प्रश्न. त्याच्या पाठोपाठ, "पायऱ्या किती आहेत?" पूर्वी हे प्रश्न वृद्ध आई-वडिलांसाठी विचारले जात. अलीकडे विचारणारी व्यक्ती ते स्वतःसाठी विचारते, आणि प्रत्यक्ष भेटीत पाहावे तर वय पन्नाशीच्या आसपासच असते. पदयात्रींसाठी पाणी, चहा, फराळ, पायांस चोळण्याचे तेल यांची सेवा देणारे आपले अनेक देणगीदार आहेत. त्यांच्या औदार्याविषयी न्यासास कृतज्ञताच आहे. मात्र चालणाऱ्यांची एवढ्या आस्थेने सेवा करणाऱ्या याच मंडळींपैकी कित्येकांना प्रवेशद्वारापासून सभामंडपापर्यंत येताना मध्ये थांबून श्वास घ्यावा लागतो, हे पाहून मन खंतावते.

थकवा आणि श्रम

आपले मीरा-भाईंदर ही मुळात मिठागरांची, भातशेतीची आणि मासेमारीची गावे. मिठागरात राबणारा आगरी बांधव, मासळीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणारी कोळी भगिनी यांना चालण्याचा उपदेश कोणी केला नाही. तशी गरजच नव्हती. पुढे लोकल गाडीच्या आधाराने येथे वसाहती उभ्या राहिल्या, २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका झाली, आणि २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या पुढे गेली. या आठ लाखांतील नोकरदाराचा दिवस आपल्या परिचयाचा आहे. उद्वाहनाने खाली उतरणे, शेअर रिक्षाने स्थानक गाठणे, चर्चगेटपर्यंत गर्दीत उभे राहणे, दिवसभर खुर्चीवर बसणे, आणि तोच क्रम उलटा करून रात्री घरी परतणे.

येथे एक भ्रम निर्माण होतो. घरी येताना माणूस खरोखर थकलेला असतो. पाय दुखतात, पाठ आखडते, आणि "दिवसभर एवढी दगदग होते, आणखी चालायचे कशाला?" असे तो मनापासून म्हणतो. परंतु गर्दीत खांब धरून उभे राहिल्याने येणारा थकवा निराळा आणि चालण्याने स्नायूंना व हृदयाला घडणारे श्रम निराळे. दीड तास उभे राहिलेल्या माणसाच्या पोटऱ्या दुखतात. त्याच्या हृदयाची गती मात्र फारशी वाढलेली नसते. दगदग पुष्कळ आणि व्यायाम शून्य, अशी ही शहरी स्थिती आहे.

हा केवळ आमचा ग्रह नव्हे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने तमिळनाडू, महाराष्ट्र, झारखंड व चंदीगड येथील चौदा हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, त्यांतील ५४ टक्के लोक शारीरिकदृष्ट्या निष्क्रिय या वर्गात मोडले. 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ' या नियतकालिकात २०२४ साली आलेल्या अभ्यासात २०२२ या वर्षासाठी जो अंदाज दिला आहे, त्यानुसार भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी हालचाल करीत नाहीत. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत ५७ टक्के आहे. घरात दिवसभर राबणाऱ्या आपल्या भगिनींचे प्रमाण अधिक असावे, याचे अनेकांस आश्चर्य वाटेल. पण ओट्यापाशी उभे राहणे हेही लोकलमध्ये उभे राहण्यासारखेच आहे.

लंडनची बस आणि चेन्नईचा प्रयोग

चालण्या-चढण्याने खरोखर काय साधते, याचा पहिला मोठा पुरावा बसगाडीतून मिळाला, ही गोष्ट मनोरंजक आहे. डॉ. जेरेमी मॉरिस व त्यांचे सहकारी यांनी लंडनच्या वाहतूक सेवेतील सुमारे ३१ हजार पुरुष कर्मचाऱ्यांचा अभ्यास केला व तो १९५३ साली प्रसिद्ध केला. दुमजली बसचा चालक दिवसभर बसून राही. वाहक मात्र तिकिटे देत वर-खाली करी. एकाच बसमध्ये, एकाच धुरात काम करणाऱ्या या दोघांत वाहकांना हृदयविकार कमी होत असल्याचे दिसले. मुंबईच्या दुमजली 'बेस्ट' बसमधून प्रवास केलेल्या आमच्या पिढीस त्या जिन्याचे चित्र लगेच डोळ्यांसमोर येईल.

त्यावर आक्षेपही निघाला. कदाचित मुळातच स्थूल माणसे चालकाची नोकरी पत्करीत असतील, मग दोष बसण्याचा कसा? मॉरिस यांच्या गटाने १९५६ साली गणवेशाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा चालकांच्या विजारींची कंबर वाहकांच्या तुलनेत खरोखरच मोठी निघाली, आणि हा फरक तरुण वयापासूनच होता. संशोधकांनी ही अडचण लपविली नाही. अशा वेळी केवळ निरीक्षण पुरत नाही. प्रत्यक्ष प्रयोग करावा लागतो.

तसा प्रयोग आपल्याच देशात, चेन्नई येथे झाला. डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी रक्तातील साखर वाढलेली, परंतु अद्याप मधुमेह न जडलेली ५३१ माणसे निवडून त्यांचे चार गट पाडले. एका गटास नेहमीचाच सर्वसाधारण सल्ला, दुसऱ्यास आहार व व्यायामाचे मार्गदर्शन, तिसऱ्यास मेटफॉर्मिन हे औषध आणि चौथ्यास औषध व मार्गदर्शन दोन्ही. जे बैठे जीवन जगत होते त्यांना दररोज किमान अर्धा तास भरभर चालण्यास सांगण्यात आले. तीन वर्षांअखेर पहिल्या गटातील शंभरांपैकी ५५ जणांस मधुमेह झाला होता. मार्गदर्शन मिळालेल्या गटात ३९ जणांस. केवळ औषध घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे ४० होते, आणि दोन्ही एकत्र केल्याने त्यात अधिक भर पडली नाही. हे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. आहारातील बदलही त्यात होते, त्यामुळे सगळे श्रेय चालण्यास देणे उचित ठरणार नाही. तरीही ही माणसे खेळाडू नव्हती, आपल्यासारखीच नोकरी-संसार करणारी होती, आणि त्यांना सांगितलेली गोष्ट कोणासही करता येण्याजोगी होती, हे महत्त्वाचे.

वारी कशी साधते?

उपाय एवढा सोपा असता तो टिकत का नाही? संकल्प तर सर्वच जण करतात. गुढीपाडव्यास करतात, नववर्षदिनी करतात, डॉक्टरांनी रक्ततपासणीचा अहवाल वाचून दाखविला की त्याच संध्याकाळी करतात. नवे बूट येतात. पहिल्या दिवशी तासभर चालणे होते, दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात, तिसऱ्या दिवशी पाहुणे, चौथ्या दिवशी पाऊस. बूट चपलांच्या फळीवर जातात. याचे उत्तर शोधण्यासाठी महाराष्ट्राबाहेर पाहण्याची आवश्यकता नाही, असे आम्हांस वाटते.

दरवर्षी ज्येष्ठ वद्य अष्टमीस श्री ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि आषाढ शुद्ध दशमीस पंढरीस पोहोचते. सुमारे अडीचशे किलोमीटरची वाट, अठराच्या आसपास दिवस. सत्तरी ओलांडलेल्या माउल्या डोक्यावर तुळशीवृंदावन घेऊन ही वाट चालतात. पाहणारा म्हणतो, "केवढी ही श्रद्धा!" श्रद्धा आहेच, तिच्याविषयी दुमत नाही. परंतु श्रद्धा तर त्यांचे छायाचित्र टिपण्यासाठी मोटारीतून उतरलेल्या गृहस्थापाशीही असते. तो दिवेघाट चढू शकत नाही.

वारकऱ्यांपाशी आणखी दोन गोष्टी असतात. पहिली म्हणजे तयार पाय. वारीतील बहुसंख्य मंडळी शेतकरी व कष्टकरी असतात. घर ते शेत, शेत ते विहीर असे त्यांचे पाय बारा महिने चालत असतात. आषाढात त्यांना चालणे नव्याने शिकावयाचे नसते. दुसरी म्हणजे व्यवस्था. तुकाराम महाराजांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखीची परंपरा सुरू केली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकर यांनी माउलींच्या सोहळ्यास आजचे रूप दिले. शिंदे सरकारच्या पदरी राहिलेल्या या सत्पुरुषाने सोहळ्यास जणू लष्करी शिस्त लावली. मुक्काम ठरलेला, विसावा ठरलेला, दिंडीचा क्रमांक ठरलेला, ती रथापुढे चालणार की रथामागे हेही ठरलेले. पुण्यास दोन मुक्काम होतात, मग दिवेघाटाचा मोठा टप्पा आणि पुढे सासवडला पुन्हा दोन मुक्काम. म्हणजे अवघड चालीच्या आधी आणि नंतर, दोन्हीकडे विश्रांती. सायंकाळी तळावर समाज आरतीपूर्वी चोपदारांचा दंड वर जाताच हजारोंचा समुदाय शांत होतो, हरवल्या-सापडल्या वस्तूंची माहिती दिली जाते, अडचणी ऐकल्या जातात.

या व्यवस्थेचा लाभ असा की, सकाळी उठून "आज चालावे की न चालावे?" असा विचार वारकऱ्यास करावा लागत नाही. तो निर्णय आधीच झालेला असतो. आपण मात्र रोज सकाळी हा निर्णय नव्याने करावयास बसतो, आणि न चालण्याचे एखादे सबळ कारण रोजच सापडते. मनोनिग्रह कमी पडतो असे आपण समजतो. वास्तविक उणीव असते ती आखणीची.

आपली दहा मिनिटांची वारी

तेव्हा आखणी करावी. प्रथम वेळ. नवी वेळ शोधण्यापेक्षा जे नित्य घडतेच त्यास चालणे जोडावे. सकाळी देवपूजा करणाऱ्याने पूजा आटोपताच पायांत वहाणा घालाव्यात. दूध आणावयास जाणाऱ्याने परतताना इमारतीस दोन फेऱ्या घालाव्यात. नोकरदारांसाठी आमच्या मते सर्वांत सोयीची वेळ म्हणजे संध्याकाळी गाडीतून उतरल्यानंतरची. कारण माणूस बाहेर पडलेलाच असतो, पायांत पादत्राणे असतातच. एकदा घरात शिरून पंख्याखाली बसला की पुन्हा उतरत नाही. मीरा रोड स्थानकाबाहेर शेअर रिक्षाच्या रांगेत जेवढा वेळ जातो, तेवढ्यात शांतीनगर, नया नगर यांसारख्या स्थानकालगतच्या वसाहतींत चालत पोहोचता येते. घर दूर असल्यास रिक्षा अलीकडच्या चौकात सोडावी.

माप लक्षात ठेवणे सोपे आहे. बारा डब्यांच्या लोकलचा फलाट सुमारे अडीचशे मीटर लांबीचा असतो. असे चार फलाट म्हणजे एक किलोमीटर. सामान्य चालीने त्यास बारा ते पंधरा मिनिटे लागतात.

पहिल्या आठवड्यात रोज दहा मिनिटेच चालावे. "एवढ्याने काय होणार?" असा प्रश्न मनात येईल आणि पाय आणखी चालू म्हणतील. तरी थांबावे. पहिल्या दिवशीचा उत्साह हाच अनेकांच्या नेमाचा शत्रू ठरतो. दर आठवड्यास पाच मिनिटे वाढविली तर पाचव्या आठवड्यात अर्धा तास होतो. आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास म्हणजे दीडशे मिनिटे, आणि जागतिक आरोग्य संघटनेने २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी सांगितलेली किमान मर्यादा तेवढीच आहे (कमाल मर्यादा नव्हे, तीनशे मिनिटांपर्यंत लाभ वाढतो असे तेथे म्हटले आहे). याच सूचनांत एक दिलासाही आहे. पूर्वी सलग दहा मिनिटांहून कमी चालणे हिशेबात धरीत नसत. ती अट आता काढून टाकली आहे. चार मिनिटांचे चालणेही चालणेच.

चालण्याची गती कशी ओळखावी? चालता चालता बोलता यावे, पण गाता येऊ नये, अशी डॉक्टरांची कसोटी आहे. मिनिटास सुमारे शंभर पावले पडली की ती गती साधते. या कसोटीने पाहिल्यास अभंग गात चालणारी दिंडी मंदगती ठरते हे खरे. पण ती दिवसभर चालते, आणि आपल्याला अर्ध्या तासात घरी परतायचे असते.

दहा हजार पावलांचा आग्रह धरू नये. मोबाइलमध्ये व मनगटी घड्याळांत हा आकडा दिसतो म्हणून तो वैद्यकशास्त्राने ठरविला असावा असा समज आहे. वास्तविक १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ साली, यामासा या जपानी घड्याळ कंपनीने पावले मोजण्याचे एक यंत्र विक्रीस काढले व त्यास 'दहा हजार पावलांचे माप' अशा अर्थाचे नाव दिले. आकडा गोल आणि आकर्षक होता, तो रूढ झाला. अमेरिकेत सोळा हजारांहून अधिक वयस्क स्त्रियांच्या पाहणीत, जी २०१९ साली प्रसिद्ध झाली, रोज सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्या स्त्रियांतील मृत्यूचे प्रमाण २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा लक्षणीय कमी आढळले, आणि साडेसात हजारांच्या पुढे अधिक लाभ दिसला नाही. अर्थात आजारी माणूस मुळातच कमी चालतो, म्हणून अशा आकड्यांतून कार्यकारणभाव काढताना सावध राहिले पाहिजे. परंतु जो आज दोन हजार पावले चालतो त्याने दहा हजारांच्या धास्तीने घरी बसण्यापेक्षा चार हजारांकडे वळणे शहाणपणाचे, एवढे त्यातून निश्चित निघते.

आणि शतपावली. आपल्या आजी-आजोबांनी जेवणानंतर शंभर पावले चालण्याचा प्रघात पाळला. आपण तो जुनाट म्हणून सोडला आणि जेवणाचे ताट घेऊनच दूरचित्रवाणीसमोर बसू लागलो. न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठाच्या संशोधकांनी ४१ मधुमेही रुग्णांवर केलेला एक प्रयोग २०१६ साली प्रसिद्ध झाला. दिवसातून एकदा केव्हाही अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा मिनिटे चालल्यास जेवणोत्तर साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली. रात्रीच्या जेवणानंतर तर २२ टक्क्यांनी. शंभर पावलांस एक मिनिट लागते, म्हणून शतपावलीची सहस्रपावली करावी लागेल, इतकाच फरक.

सोबत आणि वाट

एकट्याचा नेम लवकर मोडतो. वारीत कोणी एकटा चालत नाही. दिंडीत तो दिसला नाही तर चौकशी होते. आपल्या इमारतीतील तीन-चार जणांची अशी लहानशी दिंडी करावी. साडेसहा वाजता शेजारी खाली उभा आहे हे ठाऊक असले की पांघरूण दूर करणे सोपे जाते. भगिनींना याचा विशेष उपयोग होतो. सकाळी पाणी, डबे, मुलांची शाळा यांतून त्यांना वेळ निघत नाही, आणि रात्री एकटीने बाहेर पडणे घरच्यांस रुचत नाही. चौघी मिळून निघाल्या तर दोन्ही अडचणी पुष्कळशा दूर होतात. घरातील पुरुषांनी त्या अर्ध्या तासापुरते स्वयंपाकघर सांभाळावे, हेही येथे नम्रपणे सुचवावेसे वाटते.

वाट आधी एकदा पाहून ठेवावी. आपल्या शहरातील पदपथ सर्वत्र मोकळे नसतात. फेरीवाले, उभी केलेली वाहने, खोदकाम यांमुळे मुख्य रस्त्यांवर चालणे त्रासाचे होते. त्यापेक्षा वसाहतीचे अंतर्गत रस्ते, पालिकेची उद्याने, शाळांची मैदाने बरी. भाईंदर पूर्वेच्या मंडळींना जेसल पार्कची खाडीकाठची चौपाटी आहे. रविवारी सहकुटुंब जावयाचे असल्यास उत्तनचा किनारा किंवा घोडबंदरचा किल्ला निवडावा. तेथे चालण्याबरोबर इतिहास आणि समुद्रवाराही मिळतो. चैत्र-वैशाखात दमट उष्म्यामुळे घाम फार जातो, म्हणून सूर्य वर येण्यापूर्वी किंवा मावळल्यानंतरच निघावे. पावसाळ्यात रस्त्यांवर पाणी साचते, झाकणे उघडी असतात. त्या दिवसांत इमारतीच्या वाहनतळात किंवा व्हरांड्यात फेऱ्या घालाव्यात. ते कंटाळवाणे आहे हे मान्य, पण नेम खंडित होत नाही.

काही अत्यावश्यक सूचना

हृदयविकार, अति रक्तदाब, मधुमेह असणाऱ्यांनी आपल्या डॉक्टरांस विचारूनच प्रारंभ करावा. चालताना छातीत दाब अथवा वेदना जाणवणे, ती हात किंवा जबड्याकडे सरकणे, थंड घाम सुटणे, एकाएकी दम लागणे यांपैकी काहीही झाल्यास तत्काळ थांबावे, बसावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. "थोडा वायू धरला असेल" असे म्हणत घरी चालत जाऊ नये. इन्सुलिन किंवा साखर कमी करणारी औषधे घेणाऱ्यांनी खिशात खडीसाखर अथवा ग्लुकोज ठेवावे.

गुडघेदुखीमुळे अनेक जण चालणे टाळतात. चालल्याने गुडघे झिजतात ही भीती बहुधा अनाठायी असते. वयोमानाने होणाऱ्या संधिवातात हलका, नियमित व्यायाम हाच उपचाराचा पाया मानला जातो. अशांनी सपाट जागेवर पाच मिनिटांपासून सुरुवात करावी, आणि दुसऱ्या दिवशीही दुखणे वाढलेलेच राहिले तर अंतर कमी करावे. पासष्टीच्या पुढील ज्येष्ठांनी चालण्यासोबत तोल सांभाळण्याचे साधे व्यायाम करावेत. पडण्याचा धोका त्याने कमी होतो.

एक सूचना आम्हांस विशेष कळकळीने करावयाची आहे. दीर्घकाळच्या मधुमेहात पायांची संवेदना मंदावते. अशा भाविकास वैशाखातील तापलेल्या फरशीचा चटका कळत नाही, खडा रुतलेला कळत नाही. घरी गेल्यावर मोजा रक्ताने भिजलेला दिसतो, आणि पुढे ती जखम चिघळून पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. म्हणून मधुमेहींनी अनवाणी पदयात्रेचा नवस बोलू नये. बोलला असल्यास त्यात बदल करून घ्यावा. रुग्णास व्रतनियमांत सवलत देण्याची आपली परंपरा जुनीच आहे. आपल्या मंदिराच्या आवारात सुती मोजे घालण्यास कोणतीही हरकत नाही, त्याचा संकोच करू नये. रोज रात्री तळपाय आरशात पाहावेत किंवा घरातील कोणास तरी पाहावयास सांगावे.

नेम मोडला तर

तो मोडेल. घरात लग्नकार्य निघेल, ताप येईल, गावी जावे लागेल. लंडनमध्ये ९६ जणांवर झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की, एखादी कृती अंगवळणी पडण्यास साधारणतः ६६ दिवस लागतात. कोणास १८ दिवसांत साधते, तर कोणास आठ महिन्यांहून अधिक काळ लागेल असा अंदाज निघाला. एकवीस दिवसांत सवय लागते हे सर्वत्र ऐकू येणारे वचन त्यामुळे फारसे मनावर घेऊ नये. त्याच अभ्यासात मध्येच एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात विशेष बाधा येत नसल्याचेही आढळले. तेव्हा एक दिवस राहिला म्हणून सगळेच संपले असे समजू नये. आठवडाभर खंड पडला असेल तर पूर्वीच्या निम्म्या वेळेपासून पुन्हा आरंभ करावा.

शेवटी पदयात्रींसाठी. आपल्या परिसरातून अनेक मंडळे शिर्डीस पायी जातात. अंगारकीच्या आदल्या रात्री प्रभादेवीच्या सिद्धिविनायकाकडे निघणारे तरुण असतात. नवरात्रात विरारच्या जीवदानीचा गड चढणारेही असतात. वर्षभर बसून राहिलेल्या माणसाने एकाएकी असा पल्ला गाठू नये. पायांस फोड येणे, स्नायू दुखावणे, प्रसंगी हृदयावर ताण येणे हे त्यातून घडते. आणि परत आल्यावर "वर्षाचे चालणे झाले" म्हणून तो पुन्हा बसतो. शिर्डीस जावयाचे असल्यास तीन महिने आधी रोजचे चालणे सुरू करावे, शेवटच्या महिन्यात दर रविवारी एक लांब फेरी घ्यावी, आणि यात्रेत वापरावयाचे बूट त्या फेऱ्यांतच सैलावून घ्यावेत. नवे कोरे बूट घालून निघू नये. परतल्यानंतर चार दिवस विश्रांती घ्यावी, फोड भरू द्यावेत, आणि पाचव्या दिवशी संध्याकाळी ठरलेल्या वेळी दहा मिनिटांसाठी खाली उतरावे.